लांडोर निवड करते, हे कशावरून?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. शेताच्या बांधावर पावसाळ्याच्या तोंडी मोर नाचतो. पिसारा थरथरवत गोल फिरतो आणि लांडोरी मात्र दाणे टिपत, त्याच्याकडे ढुंकूनही न पाहता निघून जातात. मग लांडोर मोराची निवड करते असं शास्त्रज्ञ कशाच्या आधारावर म्हणतात? आणि एवढा पिसारा जर मोराच्या जिवावर उठत असेल, तर तो आजवर टिकला कसा? जाता जाता तुम्ही हेही विचारलंत की यातलं माणसाला काय लागू होतं.

प्राण्यांची जोडीदार-निवड हाच माझा अभ्यासाचा विषय आहे. माझं बहुतेक काम रातकिड्यांच्या आवाजावर चालतं, पण मोराच्या बाबतीत जी अडचण आहे तीच रातकिड्याच्या बाबतीतही आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट. तुम्ही पाहिलंत ते अगदी बरोबर पाहिलंत. दाणे टिपत निघून जाणं हा लांडोरीचा नकार असतो, आणि नकार हा निवडीतला सर्वांत मोठा भाग. आपण वाट पाहतो ती होकाराची, आणि होकार क्वचित आणि काही क्षणांपुरता येतो. लांडोर साधारण 4 ते 6 अंडी घालते, जवळजवळ चार आठवडे एकटी उबवते, पिल्लांना एकटीच सांभाळते. मोर यातलं काहीही करत नाही. घरटं नाही, राखण नाही, खाऊ घालणं नाही. त्याच्याकडून पिल्लांना मिळतात ती फक्त जनुकं. त्यामुळे एका हंगामात तिला होकार एकदोनदाच द्यायचा असतो आणि त्याआधी नकार मात्र कितीही देता येतात. मोराचं उलट आहे. त्याला नकार परवडतात, संधी हुकलेली परवडत नाही. म्हणून तो दिवसभर नाचतो आणि ती दाणे टिपते.

हे नर आणि मादी असण्यामुळे होतं असं मात्र समजू नका. 1972 साली जीवशास्त्रज्ञ रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी मांडलं की पिल्लांवर ज्या बाजूचा खर्च जास्त, ती बाजू चोखंदळ होते आणि दुसरी बाजू तिच्यासाठी भांडते. याचा पुरावा आपल्याकडच्या तळ्यांवरच फिरतो. लांब शेपटीच्या कमळपक्ष्यात अंडी नर उबवतो, पिल्लंही तोच सांभाळतो. मादी त्याच्यापेक्षा मोठी असते, इतर माद्यांशी भांडते आणि एका हंगामात अनेक नरांना अंडी घालून देते. भूमिका उलटली की वागणंही उलटतं.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येते: निवड झाली हे ओळखायचं कसं? समजा, एका मोराजवळ जास्त लांडोरी आल्या. त्याचा पिसारा आवडला म्हणून आल्या, की त्याची जागा चांगली होती म्हणून? की त्याने इतर मोरांना हुसकावून लावलं आणि तिथे तोच उरला होता? की तो वयाने मोठा होता, आणि पिसारा हे नुसतं वयाचं लक्षण होतं? या चार शक्यता नुसत्या पाहण्याने वेगळ्या होत नाहीत. कितीही वर्षं पाहिलं तरी होत नाहीत. डार्विनने 1871 साली मादीची निवड ही कल्पना सविस्तर मांडली, पण पुढची कित्येक दशकं अनेक जीवशास्त्रज्ञांनी ती मानली नाही, त्यामागे हेही एक कारण होतं. नरानरांतल्या झुंजी दिसतात. मादीच्या मनात काय चाललंय ते दिसत नाही.

ही गुंतागुंत आपल्याकडच्या एका जुन्या अभ्यासात फार छान दिसते. 1930 साली सालिम अली अलिबागजवळ किहीमला राहत होते आणि तिथे त्यांनी सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीचं बारकाईने निरीक्षण केलं. खोपा विणतो नर. तो अर्धवट झाला की माद्या येतात, आत शिरून पाहतात, काही नाकारतात. एखादीने खोपा स्वीकारला की नर तो पूर्ण करतो आणि लगेच दुसरा विणायला घेतो. म्हणजे मादी खोपा पाहून नर निवडते हे उघड झालं. पण खोप्यातलं काय पाहून? विणकाम की जागा? बऱ्याच वर्षांनी पक्षी-अभ्यासक सुहेल क्वाडर यांनी हे वेगळं करून पाहिलं तेव्हा दिसलं की मादी प्रामुख्याने जागेवर ठरवते, विणकामाचा विचार त्यानंतर. आपण मात्र कौतुक करतो ते विणकामाचं. आपल्याला जे डोळ्यात भरतं तेच मादीलाही भरत असेल हे गृहीत धरू नये, असं मी माझ्या विद्यार्थ्यांना पहिल्याच आठवड्यात सांगते.

मग उपाय एकच उरतो: प्रयोग. बाकी सगळं तसंच ठेवायचं आणि एकच गोष्ट बदलायची. या विषयातला मला सर्वांत आवडणारा प्रयोग स्वीडनच्या माल्टे अँडरसन यांनी केनियात केला आणि 1982 साली प्रसिद्ध केला. तिथल्या गवताळ पठारावर एक काळा पक्षी असतो. विणीच्या हंगामात त्याच्या नराची शेपटी सुमारे अर्धा मीटर लांब होते. अँडरसन यांनी 36 नर घेतले आणि चार-चारांचे गट केले. प्रत्येक गटात एका नराची शेपटी कापून साधारण 14 सेंटिमीटर ठेवली. कापलेली पिसं दुसऱ्या नराच्या शेपटीला चिकटवून ती सुमारे 25 सेंटिमीटरने वाढवली. तिसऱ्या नराची शेपटी कापून परत तशीच चिकटवली, म्हणजे कापण्या-चिकटवण्याचाच काही परिणाम होत असेल तर तो कळावा. चौथ्याला हात लावला नाही. मग कोणाच्या इलाख्यात किती माद्यांनी घरटी केली ते मोजलं. सर्वाधिक घरटी वाढवलेल्या शेपटीच्या नरांकडे होती.

यातली महत्त्वाची गोष्ट बऱ्याचदा सांगायची राहून जाते. शेपटी कापलेल्या नरांनी आपला इलाखा गमावला नाही आणि त्यांचं प्रदर्शनही मंदावलं नाही. म्हणजे नरानरांच्या भांडणात शेपटीमुळे फरक पडला नव्हता. फरक माद्यांच्या येण्यात पडला होता. तुमच्या 'कशावरून' या शब्दाचं नेमकं उत्तर हे आहे. नर तोच, जागा तीच, वय तेच, आणि फक्त शेपटीची लांबी बदलल्यावर माद्यांचं वागणं बदललं.

रातकिड्यांवर मी हेच काम स्पीकर वापरून करते. मादीपासून सारख्या अंतरावर दोन स्पीकर ठेवायचे. दोन्हींतून एकाच नराचं गाणं वाजवायचं, फक्त एका बाजूला आवाज थोडा मोठा किंवा किरकिरीचा वेग थोडा वेगळा. मादी कुठे चालत जाते ते पाहायचं. बाजू दर वेळी बदलायच्या, कारण एखाद्या मादीला एकाच दिशेला जायची सवय असते. तापमान लिहून ठेवायचं, कारण गारव्यात नराची किरकिर मंदावते आणि मादीची पसंतीही त्याबरोबर सरकते. आणि जी मादी जागची हललीच नाही तिचीही नोंद करायची. तुमच्या दाणे टिपणाऱ्या लांडोरी म्हणजे याच माद्या. त्यांना नोंदवहीतून वगळलं तर निष्कर्ष चुकतो.

मोराकडे परत येते. इंग्लंडमधल्या व्हिप्सनेड इथल्या मोकळ्या फिरणाऱ्या मोरांवर मेरियन पेट्री यांनी काम केलं. 1991 साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की लांडोर होकार देण्याआधी अनेक मोर पाहते, आणि पाहिलेल्यांपैकी ज्याच्या पिसाऱ्यात डोळे जास्त त्याच्याकडे तिचा कल असतो. नंतर काही मोरांच्या पिसाऱ्यातले वीसेक डोळे काढून टाकले, तेव्हा पुढच्या हंगामात त्यांचं यश आधीच्या मानाने घटलं. हे वाचून प्रश्न मिटला असं वाटतं. पण जपानमधल्या एका उद्यानात मारिको ताकाहाशी आणि सहकाऱ्यांनी सात वर्षं मोर पाहिले आणि 2008 साली सांगितलं की तिथल्या लांडोरींमध्ये मोठ्या पिसाऱ्याकडे ओढा दिसत नाही. त्यानंतर रोझलिन डेकिन आणि रॉबर्ट माँटगोमेरी यांनी उत्तर अमेरिकेतल्या मोरांवर काम करून दोन्ही बाजूंचा मेळ लावला. नैसर्गिकरित्या मोरामोरांत डोळ्यांच्या संख्येचा जो फरक असतो तो थोडा असतो, त्यावरून यशाचा अंदाज येत नाही. पण डोळे खूप कमी झाले की नर नाकारला जातो. आणि डोळ्यातल्या निळ्या-हिरव्या झळाळीचा मात्र यशाशी जवळचा संबंध दिसला.

मला यात विरोधाभास वाटत नाही. संख्येचा एक उंबरठा असावा: त्याखाली गेलात की संपलं, वर असाल तर पुढची निवड दुसऱ्या गोष्टींवर. लांडोरीच्या डोक्यावर नजर टिपणारं छोटं यंत्र बसवून जेसिका योर्झिन्स्की यांनी 2013 साली दाखवलं की नाचणाऱ्या मोराकडे पाहताना तिची नजर बहुतेक वेळ पिसाऱ्याच्या खालच्या भागावर असते, आणि बराच वेळ मोराकडे नसतेच, आजूबाजूला असते. म्हणजे ती पाहते, पण आपल्याला जाणवेल असं टक लावून नाही. पुढच्या वेळी तुम्ही तिच्या मानेकडे नीट लक्ष द्या.

आता दुसरा प्रश्न: अडचणीचा पिसारा टिकला कसा? या प्रश्नाने डार्विनलाही छळलं होतं. मोराचं पीस दिसलं की मला मळमळतं, असं त्याने 1860 साली आसा ग्रे यांना पत्रात लिहिलं होतं. जगायला उपयोग नाही अशी गोष्ट नैसर्गिक निवडीतून कशी येईल, ही त्याची चिंता. उत्तराचा गाभा मात्र सोपा आहे. उत्क्रांतीच्या हिशेबात किती वर्षं जगलात ते एकटं मोजलं जात नाही, मागे किती पिल्लं राहिली ते मोजलं जातं. चार वर्षं जगून वीस लांडोरींचा होकार मिळवणारा मोर, दहा वर्षं एकटा जगणाऱ्या मोरापेक्षा जास्त मोर मागे ठेवतो. पिसाऱ्याने आयुष्य थोडं कमी केलं तरी तो वाढत जाऊ शकतो.

शिवाय त्रास किती, हेही मोजूनच ठरवावं लागतं. आपण मोराकडे पाहतो आणि वाटतं, एवढं ओझं घेऊन हा बिबट्यापासून कसा पळणार? ग्रॅहॅम आस्क्यू यांनी 2014 साली मोरांची जमिनीवरून झेप घेण्याची ताकद पिसाऱ्यासह आणि पिसारा काढून मोजली. फरक जवळजवळ दिसला नाही. याचा अर्थ पिसारा फुकट आहे असा नाही. दर वर्षी पिसं गळतात आणि नवी उगवतात, ते उगवायला अन्न लागतं, आणि उठून दिसणं हा स्वतःच धोका आहे. पण सर्वांत उघड वाटलेला खर्च प्रत्यक्षात फारसा निघाला नाही. माझ्या मते या विषयातली निम्मी लोकप्रिय विधानं इथेच घसरतात. खर्च न मोजता तो मोठा आहे असं धरलं जातं.

मादीला यातून काय मिळतं यावर बरीच मतं आहेत. एक मत असं की सजावट पाहून ती निरोगी बाप निवडते. 1982 साली विल्यम हॅमिल्टन आणि मार्लिन झुक यांनी यातली एक देखणी कल्पना मांडली: परजीवी सतत बदलत राहतात, त्यांना तोंड देणारे नरच झळाळी टिकवू शकतात, म्हणून झळाळी पाहणारी मादी रोगाला टिकणारी पिल्लं मिळवते. दुसरं मत रोनाल्ड फिशर यांचं. माद्यांना एखादी गोष्ट आवडू लागली की ती असलेल्या बापाचे मुलगे पुढच्या पिढीत आवडते ठरतात, आणि आवड व सजावट एकमेकींना रेटत पुढे जातात. त्यात बापाच्या आरोग्याचा संबंध असायलाच हवा असं नाही. पेट्री यांनी मोरांच्या बाबतीत पहिल्या मताला आधार मिळवला होता. लांडोरी मोरांकडे चिठ्ठ्या टाकाव्यात तशा वाटून दिल्या, अंडी कोंबड्यांखाली उबवली, आणि देखण्या मोरांची पिल्लं मोठी व जास्त टिकणारी निघाली. हा पुरावा पक्का आहे, पण तो त्या कळपापुरता. सजावट दिसली की चांगली जनुकं असणारच, हा सरसकट नियम मी मानत नाही. जातीजातीत आणि जागोजागी हे बदलतं.

किती बदलतं, हे पाहायला हवाई बेटांवरच्या रातकिड्यांकडे जाऊ या. माझ्या क्षेत्रातलं हे सर्वांत विलक्षण उदाहरण आहे आणि तुमच्या 'टिकला कसा' या प्रश्नाची दुसरी बाजू त्यात दिसते. तिथे एक सजावट टिकली नाही.

टेलिओग्रिलस ओशियानिकस हा प्रशांत महासागरातल्या बेटांवरचा रातकिडा हवाईतही पोचला. नराच्या एका पंखावर दातेरी शीर असते, दुसऱ्यावर कडा. पंख एकमेकांवर घासले की गाणं होतं आणि माद्या त्या आवाजाच्या रोखाने येतात. पण हवाईत उत्तर अमेरिकेतून आलेली एक छोटी माशीही आहे, ऑर्मिया ओक्रेशिया. तीही त्याच गाण्याच्या रोखाने येते. अशा माश्या गाणं ऐकून रातकिडा शोधतात हे विल्यम केड यांनी 1975 साली टेक्सासमध्ये दाखवलं होतं. माशीच्या दोन कानांत अंतर जेमतेम अर्ध्या मिलीमीटरचं. तरी ते एकमेकांना अशा तऱ्हेने जोडलेले असतात की आवाजाची दिशा तिला अतिशय अचूक कळते. गाणाऱ्या नरावर आणि त्याच्या आसपास ती बारीक अळ्या टाकते. अळी नराच्या अंगात शिरते, आतून खात वाढते आणि आठवडाभरात बाहेर पडते. नर मरतो.

म्हणजे एकच गाणं मादीलाही बोलावतं आणि मरणालाही. झुक 1991 पासून या बेटांवर जात होत्या. कवाई बेटावर माशीचा उपद्रव सर्वांत जास्त होता. तिथलं गाणं वर्षागणिक कमी होत गेलं आणि 2001 मध्ये जेमतेम एखादा नर गाताना ऐकू आला. रातकिडे संपले असंच कोणीही म्हणालं असतं. 2003 साली मात्र त्या पुन्हा गेल्या, तेव्हा आवाज नव्हता आणि टॉर्चच्या प्रकाशात रातकिडे भरपूर होते. नर पकडून पंख पाहिले तर दहांत नऊहून जास्त नरांच्या पंखांवर गाण्याची ती शीर आणि कडा जवळजवळ नव्हतीच. पंख मादीच्या पंखांसारखे सपाट. हा बदल एकाच जनुकातल्या फरकाने होतो आणि तो लिंग-गुणसूत्रावर असतो. वीसपेक्षाही कमी पिढ्यांत गाणारे जवळजवळ संपले आणि मुके पसरले. 2006 साली झुक, जॉन रोटेनबेरी आणि रॉबिन टिंगहिटेला यांनी हे प्रसिद्ध केलं.

आता मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग. माशीपासून वाचणं समजलं, पण मुक्या नराला मादी मिळाली कशी? गाणं हाच तर त्याचा पिसारा. उत्तर वागण्यात सापडलं. मुके नर उरलेल्या मोजक्या गाणाऱ्यांच्या जवळ जाऊन बसत आणि तिकडे येणाऱ्या माद्यांना वाटेत गाठत. स्पीकरवर गाणं लावलं तेव्हा इतर बेटांवरच्या नरांपेक्षा कवाईचे नर स्पीकरच्या जास्त जवळ आले. नेथन बेली आणि सहकाऱ्यांनी पुढे दाखवलं की शांततेत वाढवलेले नर असं दबा धरून बसण्याकडे जास्त झुकतात. आणि माद्या? हवाईतल्या माद्या ऑस्ट्रेलिया किंवा इतर बेटांवरच्या माद्यांपेक्षा मुक्या नराला जास्त सहज स्वीकारतात, असं टिंगहिटेला आणि झुक यांना दिसलं. मादीचा चोखंदळपणा आधीच सैल असल्याने हा बदल तग धरू शकला असावा. त्या जर मोराच्या लांडोरीइतक्याच हट्टी असत्या, तर मुके नर माशीपासून वाचूनही निपुत्रिक मेले असते.

ही एकदा घडलेली गंमत म्हणून सोडून देता येत नाही. शेजारच्या ओआहू बेटावरही मुके नर आले, पण 2014 साली जनुकं तपासली तेव्हा तिथला बदल कवाईहून स्वतंत्रपणे घडल्याचं दिसलं. मोलोकाई बेटावर आणि ओआहूवर 2018 साली आणखी एक प्रकार नोंदला गेला: मांजरासारखी बारीक गुरगुर करणारे नर. ती जवळच्या मादीला ऐकू येते. मुके नर मात्र आजही गाण्यासाठी पंख हलवतात. गाण्याची पूर्ण हालचाल होते, आवाज होत नाही. पंख बदलले, मेंदूतली आज्ञा तशीच राहिली.

आता मोराकडे हे लावून पाहा. पिसारा टिकला कारण आजवर पिसारा नसलेला मोर त्याच्यापेक्षा जास्त पिल्लं मागे ठेवू शकलेला नाही. लांडोरी त्याला स्वीकारत नाहीत. कवाईत हा तोल वीस पिढ्यांत उलटला, कारण खर्च एकदम वाढला आणि माद्या अडून बसल्या नाहीत. दोन्हीकडे नियम एकच, परिस्थिती वेगळी.

परिस्थितीवर किती अवलंबून असतं याची आणखी एक जोडी देते, कारण यात आपल्या साताऱ्याचा भाग आहे. त्रिनिदादच्या ओढ्यांत गप्पी मासे असतात. जॉन एंडलर यांनी 1980 साली दाखवलं की जिथे मोठे शिकारी मासे आहेत तिथे नर फिके, आणि धोका कमी असलेल्या ठिकाणी सोडले की काही पिढ्यांत ते जास्त रंगीत होतात. माद्यांना रंग आवडतात, शिकाऱ्यांनाही ते दिसतात. हे वाचून कोणीही म्हणेल की शिकारी कमी झाले की नर रंगीत होणार. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर नेमकं उलट दिसलं. तिथे पंख्यासारखा गळा उघडणारे सरडे आहेत. नराच्या गळ्यावर निळा, काळा, नारिंगी रंग. मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी पवनचक्क्यांच्या भागाची आणि पवनचक्क्या नसलेल्या भागाची तुलना केली, ती 2018 साली प्रसिद्ध झाली. पवनचक्क्यांमुळे शिकारी पक्षी कमी, म्हणून सरडे जास्त आणि निर्धास्त. पण नरांच्या गळ्याचे रंग फिके. सरड्यांची गर्दी वाढली की अन्नासाठी ओढाताण वाढते, अंग बारीक होतं, आणि रंगाला लागणारा ऐवज कमी पडतो. म्हणून 'शिकारी कमी तर सजावट जास्त' हे सूत्र पाठ करून ठेवू नका. प्रत्येक ठिकाणी अन्न, गर्दी, शत्रू आणि मादी असा चौघांचा हिशेब पाहावा लागतो.

कमकुवत नर काय करतो, हेही यात येतं. दक्षिण भारतात झाडांवर राहणारा एक नाजूक फिकट हिरवा रातकिडा आहे. त्याचा छोटा, कमी आवाजाचा नर पानाला मधोमध भोक पाडतो, त्यात डोकं आणि पंख अडकवतो आणि तिथून गातो. पंखाच्या पुढून आणि मागून निघणाऱ्या लहरी कडेला एकमेकींना खोडतात. पान मध्ये आल्याने ते थांबतं आणि आवाज दोन-तीन पटीने मोठा होतो. रित्तिक देब, रोहिणी बालकृष्णन आणि सहकाऱ्यांनी 2020 साली दाखवलं की अशाने छोट्या नराला मोठ्या नराइतक्याच माद्या मिळतात. मोठे नर ही युक्ती फारशी वापरत नाहीत. तेव्हा मोठा आवाज म्हणजे मोठा नर, हे मादीने धरलेलं गणितही कधी कधी फसतं, आणि फसूनही माद्या मोठ्या आवाजाकडेच जातात. प्रामाणिक संकेतांच्या सिद्धांतावर, म्हणजे नराची सजावट किंवा आवाज त्याचा खरा दर्जाच सांगतो या मतावर, फार विसंबणाऱ्यांनी हे उदाहरण समोर ठेवावं.

माणसाबद्दल थोडक्यात. वर जे जे पक्कं म्हणून सांगितलं ते प्रयोगातून आलं: शेपटी कापली, डोळे काढले, स्पीकर लावले. माणसात असं करता येत नाही, आणि करू नये. शिवाय माणसात दोन्ही बाजू मुलांवर खर्च करतात, दोन्ही बाजू निवडतात, आणि घर, जात, पैसा, शिक्षण, कायदा हे सगळं मध्ये येतं. म्हणून मोरावरून 'पुरुष असेच, बायका अशाच' हा निष्कर्ष काढणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. अगदी मोरावरून कमळपक्ष्याबद्दलही तो काढता येत नाही.

तुम्हाला स्वतः काही पाहायचं असेल तर तुमच्या बांधावर ते जमण्यासारखं आहे. मोर आपली नाचायची जागा बहुधा बदलत नाही, म्हणून आधी जागांचा कच्चा नकाशा करा. प्रत्येक मोराचा पिसारा उघडलेला असताना समोरून फोटो घ्या. तुटलेली पिसं, डोळ्यांतली मोकळी जागा यावरून मोर ओळखता येतात. मग मोराकडे नाही, लांडोरीकडे लक्ष ठेवा. ती कोणाकोणाच्या जागेवर जाते, किती वेळ थांबते, परत कोणाकडे येते, एवढंच लिहा. सकाळी लवकर आणि संध्याकाळी हालचाल जास्त असते. तरुण मोर वेगळे लिहा, कारण पूर्ण पिसारा साधारण चौथ्या वर्षी येतो. कोणी धान्य टाकत असेल तर ती जागा नकाशावर दाखवा, नाहीतर लांडोर मोरासाठी आली की धान्यासाठी हे कळणार नाही.

पिसं कापून पाहण्याचा विचार मात्र मनात आणू नका. मोर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि त्याला पकडणं गुन्हा आहे. घरट्यावर बसलेली लांडोर दिसली तर त्या बाजूची खुरपणी काही दिवस पुढे ढकला. वारंवार उठवली तर ती अंडी सोडून जाते. एका हंगामाच्या नोंदी हाताशी आल्या की मला कळवा. कोणत्या जागेवर किती लांडोरी थांबल्या आणि किती नुसत्या दाणे टिपून गेल्या, हे दोन आकडे असले तरी पुढचं आपण मिळून पाहू.